लुडविनाची हरकत

माणूस दोन पायांवर उभा राहिला त्या दिवसापासून त्याची नजर वर लागलेली आहे. पिरॅमिड, घुमट, मनोरे, ढगात शिरलेल्या इमारती... कोणत्याही संस्कृतीचं मोठेपण शेवटी तिने आभाळात किती आतवर हात घातला यावरच ठरतं. या मापाने पाहिलं तर आमच्या देशाची संस्कृती तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचली आहे. तिथे दंतवैद्याचा दवाखाना आहे आणि तो बुधवारी बंद असतो.

हे मी कुचेष्टेने सांगत नाही. लिश्टेनस्टाइनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलने निघालेल्या माणसाला डबा न्यावा लागत नाही. एका बाजूला ऱ्हाईन नदी, दुसऱ्या बाजूला दोन हजार मीटरचे डोंगर आणि मधल्या पट्टीत आम्ही. हिवाळ्यात सूर्यालासुद्धा तो डोंगर चढून आमच्यापर्यंत यायला सकाळचे दहा वाजतात. त्या डोंगराच्या पायथ्याशी उंच इमारत बांधणं म्हणजे हत्तीशेजारी उभं राहून टाचा उंचावणं.

तरीही यादी आहे. देशातल्या सर्वांत उंच इमारतींची यादी आमचे मास्तर शाळेत पाठ करून घेत. पहिली नावं चर्चच्या मनोऱ्यांची. त्यातही दोन गावांचं भांडण, कारण एका मनोऱ्याच्या टोकावरचा पत्र्याचा कोंबडा उंचीत धरायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मग एक धान्याचं कोठार. सातव्या क्रमांकावर अग्निशमन दलाचा ओले पाइप वाळत घालायचा बुरूज. आठव्यापासून मास्तरांना खोकला येई.

आम्ही उंच काही बांधतच नाही असं मात्र नाही. ईस्टरआधीच्या उपवासाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक गाव लाकडांचा मनोरा रचतं, शेजारच्या गावापेक्षा हातभर तरी उंच. त्याच्या टोकावर चिंध्यांची चेटकीण बसवतं आणि अंधार पडला की सगळं पेटवून देतं. उंच गोष्टीचं शेवटी काय करायचं याबद्दल आमचं मत यावरून कळावं.

मी एकतीस वर्षं आमच्या गावच्या कार्यालयात बांधकाम विभाग होतो. विभागात होतो असं म्हणायला हवं, पण विभागात मी आणि एक कपाट एवढंच होतं, आणि कपाट बोलत नसे.

आमच्याकडे कुणाला काही बांधायचं असेल तर आधी त्या जागेवर खांब उभे करावे लागतात. घर जिथपर्यंत येणार त्या कोपऱ्यांवर खांब, घर जेवढं उंच होणार तेवढेच उंच, आणि वरती छपराचा उतार दाखवणारी आडवी पट्टी. म्हणजे वीट लागण्याआधीच घराचा सांगाडा हवेत उभा राहतो आणि शेजाऱ्यांना आपलं किती ऊन जाणार हे कळतं. मग शेजाऱ्यांना माझं पत्र जाई. पत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत लेखी हरकत घ्यायची. घेतली, तर मध्यस्थ दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवून समेटाचा प्रयत्न करतो. नाही घेतली, तर तुमची संमती आहे असं धरलं जातं. गप्प बसणारा आमच्या कायद्याला होकार देणाराच वाटतो.

माइनराड रिश त्या वर्षी मेमध्ये माझ्याकडे आला तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. खोटे दात बनवणाऱ्या कारखान्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. जगाच्या पाठीवर कुठे कुठे लोक त्याने घासलेल्या दातांनी हसत असतील, पण त्याला स्वतःला हसताना पाहिलेले लोक गावात थोडे होते. बायको आग्नेस तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. घर, बाजूला लागून कुरण आणि दोन्हींसमोर गल्ली. गल्लीच्या पलीकडे त्याची थोरली बहीण लुडविना, तीही एकटीच. गल्लीची रुंदी चार मीटर दहा. मी मोजली आहे, कामच होतं ते.

ही चार मीटर दहा ओलांडून पंचवीस वर्षांत ही बहीणभावंडं एकमेकांकडे गेली नव्हती.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. चौऱ्याऐंशी साली आमच्याकडे बायकांना मतदानाचा हक्क द्यायचा की नाही यावर मतदान झालं. ते अर्थातच पुरुषांनी केलं. त्याआधी दोनदा नकार आला होता. तिसऱ्यांदा काठावर होकार आला. लुडविना तेव्हा पन्नाशीची. या हक्कासाठी दारोदार पत्रकं वाटत तिच्या चपला झिजल्या होत्या. निकालाच्या रविवारी ती भलं मोठं भांडं भरून क्नोप्फ्ले घेऊन भावाकडे आली. चीजमध्ये घोळलेल्या त्या पिठाच्या गुठळ्या, वर तळलेला कांदा. सफरचंदाचा मुरंबा आग्नेसने काढला. जेवता जेवता लुडविनाने सहज विचारलं, "तू होकारच टाकलास ना रे?"

माइनराडला खोटं बोलता येत नसे. त्याच्या स्वभावातला तेवढाच एक भाग उपद्रवी होता.

"नकार टाकला," तो म्हणाला. "होकार येणारच होता गं. म्हटलं, आपले बाबा असते तर त्यांनी नकारच दिला असता. त्यांच्या वतीने एक असू दे."

लुडविना उठली. तिने भांडं उचललं. दारात थांबून म्हणाली, "माझ्या बोलण्याला किंमत नाही असं वाटतं ना तुला? मग यापुढे ते ऐकायचे कष्टही घेऊ नकोस." आणि भांड्यासकट गल्ली ओलांडून गेली. टेबलावर माइनराड, आग्नेस आणि सफरचंदाचा मुरंबा उरले.

आमच्याकडे लोक दिलेला शब्द पाळतात. हा आमच्यातला मोठा दोष आहे.

आग्नेस होती तोवर काम चालून जाई. ती दोन्ही घरांत जायची. "लुडविना म्हणते, उद्या थंडी पडेल, टोमॅटो झाक." "माइनराड म्हणतो, तुझ्या छपराची दोन कौलं सरकलीत." पत्नी म्हणून आग्नेस चांगली होतीच, पण टपालखातं म्हणून तिला तोड नव्हती. ती गेली आणि टपाल बंद झालं. तिच्या दफनाला लुडविना आली, रांगेत उभी राहिली, आपली पाळी आल्यावर भावाचा हात हातात घेऊन दाबला आणि पुढे गेली. एक शब्द नाही.

त्यानंतर माइनराड माझ्या कार्यालयात वारंवार येऊ लागला. कोंबड्यांच्या खुराड्याला परवानगी लागते का? त्याच्याकडे कोंबड्या नव्हत्या. पोहण्याच्या तलावाला किती अंतर सोडावं लागतं? त्याला पोहता येत नव्हतं. मला वाटायचं, याला काहीतरी बांधायचं आहे. याला फक्त विचारायचं आहे, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. कळल्यावर मी उत्तरं लांबवायला लागलो. खुराड्याचे नियम मी त्याला तीन भागांत सांगितले.

तर त्या मेमधल्या सोमवारी तो आला आणि टोपी काढून बसला.

"एगॉन, अर्ज आणलाय."

"खुराड्याचा?"

"नाही. जरा मोठं आहे."

चौकटीच्या वहीचं पान होतं. पेन्सिलीने काढलेला उभा आयत, त्यात आडव्या रेघा, प्रत्येक रेघेवर खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत फुलांची कुंडी. खाली, प्रमाण कळावं म्हणून, एक माणूस काढला होता. एकच.

"मजले किती हे?"

"तीस."

"उंची?"

"शंभर."

"शंभर काय?"

"मीटर. मोजून घे हवं तर."

मी खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरावरून फ्योन उतरला होता, आमचा तो कोरडा, गरम वारा. तो सुटला की निम्म्या गावाचं डोकं दुखतं आणि उरलेलं निम्मं गाव त्याच्या नावावर मूर्खपणा करून घेतं.

"माइनराड, वारा पडला की ये. तोवर हा कागद मी पाहिलेला नाही."

"वाऱ्याचा संबंध नाही. नियम सांग."

"अरे, नियमात तीन मजले आहेत! तू देशातली सगळ्यात उंच इमारत मागतोयस. कोंबडा धरून आणि न धरून, दोन्ही प्रकारे."

"म्हणजे तू नाकारणार."

"डोळे मिटून."

"पण नाकारायच्या आधी खांब उभे राहणार. शेजाऱ्यांना पत्रं जाणार. चौदा दिवस थांबावं लागणार. बरोबर की नाही?"

"बरोबर," मी म्हणालो. आमच्याकडे नाकारायलासुद्धा रीत आहे.

"मग लुडविना हरकत घेईल." तो टोपीची कड बोटांनी फिरवत होता. "तिच्या दारासमोर तीस मजले म्हणजे तिच्या खिडकीत जन्मभर ऊन येणार नाही. घ्यावीच लागेल. आणि हरकत आली की मध्यस्थाच्या खोलीत समोरासमोर बसवतात. माझ्या समोर बसली की काहीतरी बोलावंच लागेल तिला."

"काय बोलेल असं वाटतं तुला?"

"मूर्ख आहेस, म्हणेल." त्याचा चेहरा जरा उजळला. "आग्नेस गेल्यापासून मला कुणी मूर्ख म्हटलेलं नाही."

"मी म्हणतो. माइनराड, तू मूर्ख आहेस."

"तू म्हणून नाही रे चालत," तो म्हणाला, आणि मी शिक्का मारला.

खांब लावायचं काम नोल्डी फोसरचं. त्याने कुरण पाहिलं, कागद पाहिला, मग माइनराडकडे पाहिलं.

"माझ्याकडे तीस मीटरच्या वर खांब नाही. या देशाला कधी लागलाच नाही."

"मग वरचे सत्तर?"

"वरचे सत्तर तू मनात धर."

"मनात धरून चालत नाही," मी म्हणालो. "शेजाऱ्यांना दिसलं पाहिजे."

शेवटी नोल्डीनेच तोड काढली. चार कोपऱ्यांवर चार खांब, आणि प्रत्येक खांबाशेजारून शंभर मीटर दोरी सोडून तिच्या टोकाला एक मोठा पिवळा फुगा. गुरुवारी सकाळी चार फुगे वर गेले आणि आमच्या गावात, आमच्या देशात, कुणालाच नको असलेली सर्वांत उंच इमारत हवेत उभी राहिली. तशी ती फार सरळ उभी नव्हती. फ्योनचा झोत आला की तीसच्या तीस मजले झुकायचे आणि चारही फुगे लुडविनाच्या छपरावर येऊन डोकावायचे.

शेजाऱ्यांची पत्रं मी स्वतः वाटली. लुडविनाने दार उघडलं, पोचपावतीवर सही केली, मला आत बसवलं आणि सुक्या नासपतीच्या पावाचे दोन काप पुढे केले. गुडघा कसा आहे ते सांगितलं. नव्या डॉक्टरचं वय सांगितलं, ते तिला गुन्ह्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात खिडकीत अंधारून आलं. वारा होता. पिवळ्या फुग्याची सावली काचेवरून सरकत गेली.

"लुडविना, पत्र वाचलंस ना?"

"वाचलं."

"दारासमोर शंभर मीटर आहेत, बाई."

"दिसतंय मला. डोळ्यांना काही झालेलं नाही, गुडघ्याला झालंय. आणखी एक काप घे."

"काही म्हणायचं असेल तर चौदा दिवस आहेत. लिहून द्यायचं. दोन ओळी पुरतात. एकसुद्धा पुरते."

"एगॉन," ती म्हणाली, "तू सगळ्यांनाच एवढा आग्रह करतोस की मलाच?"

मी तिसरा काप खाल्ला आणि निघालो.

गाव मात्र पेटलं. खानावळीत दुसरा विषय नव्हता.

"तिसाव्या मजल्यावरून ऑस्ट्रियातली माझी सासू दिसेल," नोल्डी म्हणाला.

"आणि तिला तू दिसशील," कुणीतरी म्हणालं. "लिही हरकत!"

आणि लोकांनी लिहिल्या. माझ्या कपाटाने असा आठवडा पाहिला नव्हता. पाद्रीबाबांनी लिहिलं की चर्चपेक्षा उंच इमारतीला देवाची हरकत नसेल, पण घंटा वाजवणाऱ्याची आहे. मधमाश्या पाळणाऱ्या बाईंनी विचारलं की माशी घरी परतताना मजला चुकली तर जबाबदार कोण. एका त्र्याऐंशी वर्षांच्या आजींनी कळवलं की त्या आपल्या गच्चीवर ऊन खातात ते कमी कपड्यांत, आणि तीस मजल्यांचा तेवढा अधिकार नाही. शेजारच्या गावातून तिघांचं शिष्टमंडळ आलं. त्यांचा इमारतीला विरोध नव्हता, वरचा अँटेना उंचीत धरू नये एवढंच म्हणणं होतं. कागदावर अँटेना नव्हता. पण म्हणाले, आत्ताच बोललेलं बरं.

हरकत द्यायला माझ्याकडे आलेला माणूस परत जाताना माइनराडकडे डोकावून जायचाच. एवढं मोठं वेड समोरासमोर पाहायला कुणाला नको असतं? माइनराड दार उघडायचा आणि कॉफी ठेवायचा. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे सहाच्या सहा कप एकाच वेळी ओले झाले. लोक टेबलावर मुठी आपटून भांडायचे, मग साखर मागायचे, मग आग्नेसची आठवण काढायचे. पाचसहा जणांनी त्याला मूर्खही म्हटलं. ते त्याने दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्या दारी यावं तसं ऐकून घेतलं.

मी एकदा गेलो होतो. स्वयंपाकघर भरलेलं. मधमाश्यांच्या बाई हातवारे करत होत्या, नोल्डी हसत होता. माइनराड मात्र खिडकीसमोरच्या खुर्चीत, मान गल्लीकडे. कुणी काही विचारलं की मान इकडे वळायची, उत्तर द्यायची आणि परत जायची. एवढी माणसं असून तो घरात एकटाच बसल्यासारखा बसला होता.

रोज पाचला, मी कुलूप लावायच्या वेळी, तो कार्यालयात यायचा.

"आली का?"

"एकूण तेवीस झाल्या."

"तिची?"

"नाही."

मग दुसऱ्या दिवशी. "आली का?" एकोणतीस झाल्या होत्या. मग चौतीस. मंगळवारी वाऱ्याने एक फुगा तोडला आणि ऑस्ट्रियाकडे नेला. इमारतीला तीनच कोपरे राहिले, तरी हरकती येत राहिल्या.

चौदाव्या दिवशी तो दुपारी तीनलाच आला आणि भिंतीजवळच्या बाकावर बसला. इस्त्रीचा सदरा होता. मी कागद चाळत राहिलो. चार वाजता दार वाजलं. पाद्रीबाबा होते, त्यांना आपल्या हरकतीतलं एक विशेषण बदलायचं होतं. साडेचारला बाहेर पावलं वाजली आणि पुढे गेली. गुडघा दुखणाऱ्या बाईची पावलं नव्हती ती, पण माइनराड उठून उभा राहिला आणि मग, आपण उभे का आहोत हे न आठवल्यासारखा, पाय मोकळे करू लागला.

पाच वाजले. चर्चची घंटा झाली.

"घंटा पुढे आहे का रे?"

"घंटा बरोबर आहे."

"तिचा गुडघा. चालायला वेळ लागत असेल."

पाच वीसपर्यंत मी कुलूप लावलं नाही. एकतीस वर्षांतली माझी ती पहिली बेशिस्त. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, एवढंच.

"एकूण किती झाल्या?" त्याने विचारलं.

"एक्केचाळीस. तुझ्या चारही बाजूंचे सगळे."

"ती सोडून."

"ती सोडून."

"मग तिचं काय धरलं जातं?"

"माहीत आहे तुला."

"तरी सांग."

"संमती," मी म्हणालो.

त्याने टोपी उलटी करून आत पाहिलं. मग म्हणाला, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या बाजूने आहे." आणि टोपी घालून निघाला. दारातून परत वळला. "अर्ज मागे घेतो. नोल्डीला सांग, उद्या खांब काढ म्हणून."

"दीडशे मीटरचा नवा अर्ज करायचा असेल तर..." मी म्हणालो. त्याला मी हे का सुचवलं, माझं मला कळलं नाही.

"नको रे," तो म्हणाला. "दीडशेलाही ती हो म्हणेल."

तो गेल्यावर मी कपाट बंद केलं आणि घरी जायचं सोडून लुडविनाच्या दारी गेलो. माझ्याकडे निमित्त नव्हतं, म्हणून एक कोरा कागद हातात धरला होता. ती टेबलापाशी बसली होती. खिडकीतून तीन फुगे दिसत होते, वारा पडल्यामुळे सरळ उभे.

"लुडविना, हरकत का नाही घेतलीस?"

"घ्यायला हवी होती का?"

"एक्केचाळीस जणांनी घेतली."

"त्यांच्या घरी माणसं आहेत." तिने माझ्याकडे न बघता टेबलावरून हात फिरवला. "मी विचार केला, एगॉन. तीस मजले. एका मजल्यावर चार घरं म्हटली तरी एकशे वीस. एकशे वीस घरांत एक तरी बाई अशी निघेल की जी दाराशी उभी राहून दोन शब्द बोलेल. ऊन काय, बाहेर बाकावर बसूनही खाता येतं. आज पाच वाजेपर्यंत मनात चाललं होतं. मग म्हटलं, होऊ दे."

मी कोरा कागद घडी करून खिशात ठेवला. अर्जदाराने काय कारण सांगितलं ते शेजाऱ्याला सांगायचं नाही, हा नियम मीच लिहिला होता.

"इमारत होणार नाहीये," मी म्हणालो. "कधीच होणार नव्हती. तू हरकत घ्यावीस म्हणून त्याने ती उभी केली. तुला त्याच्या समोर बसवतील आणि तू काहीतरी बोलशील म्हणून. त्याला मूर्ख म्हणशील, एवढीच त्याची अपेक्षा होती."

तिने खिडकीतून गल्लीपलीकडे पाहिलं. पंचवीस वर्षांची सवय.

"आणि मी घेतली नाही," ती म्हणाली.

"नाही."

"चौदा दिवस होऊन गेले?"

"वीस मिनिटं जास्तच दिली होती."

"बरं," ती म्हणाली, आणि मुळात स्वच्छ असलेलं टेबल पुसायला घेतलं. मला पावाबद्दल विचारलं नाही, तेव्हा मी उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोल्डी गाडी घेऊन आला. खांब उतरताना कार्यालयाचा माणूस हजर असावा लागतो, म्हणून मी होतो. इमारत पाडायची म्हणून गावातले दहाबारा लोक कुंपणाशी आले होते. आता सगळेच जरा हळवे झालेले. मधमाश्यांच्या बाई म्हणाल्या, "सवय झाली होती हो." पाद्रीबाबा म्हणाले, संध्याकाळच्या उजेडात ती वाईट दिसत नव्हती. माइनराड मध्यभागी उभा होता, जिथे कागदावर त्याने तो एक माणूस काढला होता साधारण तिथेच, आणि काय करावं हे न कळल्यामुळे नोल्डीच्या हातातली दोरी गुंडाळत होता. पहिला फुगा खाली आला. दुसरा आला. शंभर मीटर खाली आणायला वेळ लागतो.

तेवढ्यात गल्लीपलीकडचं दार उघडलं.

लुडविना बाहेर आली. अंगावर घरातला एप्रन, पायात घरातल्याच सपाता. ती पायरी उतरली, गल्लीच्या कडेशी आली आणि थांबली नाही. नोल्डीने दोरी खाली ओढायचं चाक थांबवलं. कुंपणाशी उभी असलेली माणसं अशी गप्प झाली की दोरीचा कुरकुर आवाज ऐकू यायला लागला. चार मीटर दहा ओलांडायला तिला त्या गुडघ्याने बराच वेळ लागला. कुणी हात पुढे केला नाही. करायला हवा होता, पण तो हात आपला नव्हे असं प्रत्येकालाच वाटलं.

ती कुरणात शिरली आणि भावाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. माइनराडने टोपी काढली, परत घातली, परत काढली. दोरीचं भेंडोळं त्याच्या दुसऱ्या हातात तसंच होतं. तिने एकदा वर पाहिलं, एकच फुगा उरला होता त्या दिशेला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"माइनराड," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याला एवढंच जमलं.

लुडविनाने घसा साफ केला.

"ती दोरी टाकून देणार असशील तर मला दे. घेवडा बांधायचाय. सगळी नको, चारपाच हात पुरे."